दादाचं वेल्डिंग

"काका, आज काय ते ठरवून टाका. इंजिन म्हणजे काही झुंबर नाही, चार दिवस टांगून ठेवायला."

पुतणी बोलली ते खोटं नव्हतं. गॅरेजच्या मधोमध, साखळीच्या हुकाला, ट्रकचं इंजिन सोमवारपासून लोंबकळत होतं. खाली तो जुना, आखूड हौद्याचा ट्रक बॉनेट काढून आ वासून बसला होता. आणि काका, म्हणजे ज्याला सगळा बाजार नुसता 'फिटर' म्हणायचा, तो मघाशीच पुसलेला पाना पुन्हा पुसत होता.

प्रश्न सरळ होता. इंजिन बसवायचं कशावर? पुतणीला प्लेट हवी होती. अ‍ॅल्युमिनियमची जाड आडवी पाटी, इंजिनाच्या तोंडाशी बोल्ट करायची आणि दोन्ही टोकं थेट चासीला आवळायची. मग इंजिन जागचं हलत नाही, सगळी ताकद चाकांत उतरते. फिटरला हवी होती रबरं, पंचवीस वर्षं होती तशीच. रबरावरचं इंजिन जरा डुलतं, पण त्याची थरथर आत बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही.

गेल्या शर्यतीत मात्र ते नको इतकं डुललं होतं. पाव मैलाचा सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, हिरवा दिवा लागला की सुसाट सुटायचं. दिवा लागला, पुतणीनं पाय दाबला आणि डावीकडचं रबर फाटून इंजिन असं उचकटलं, की पंखा रेडिएटरमध्ये घुसला. वाफा सोडणारा ट्रक सगळ्यांसमोर ढकलत आणावा लागला. येत्या रविवारी पुन्हा शर्यत होती.

"साखळी टाकू की," फिटर म्हणाला. "दादा टाकायचा. डाव्या अंगानं चासीला बांधली की इंजिन वर उसळत नाही."

"बाबांचं इंजिन ह्याच्या निम्म्या ताकदीचं होतं, काका. साखळी तरी तुटेल, नाहीतर ती जिथं अडकवाल तो लोखंडी कान तरी."

"आणि तुझ्या आईचं काय? दर गुरुवारी ह्याच ट्रकमधून दवाखान्यात नेतो मी तिला. कंबर आधीच गेलीय. प्लेट लावलीस तर बसल्या जागी दात वाजतील तिचे."

हे कारण बिनतोड आहे असं त्याला वाटायचं. पुतणी टेप घेऊन उगाचच मापं घ्यायला लागली.

खरं कारण चासीच्या आतल्या अंगाला होतं. रबरं ज्यावर बसायची ती दोन लोखंडी ब्रॅकेटं दादानं स्वतः जोडलेली होती. दादा इंजिनातला बाप माणूस, पण वेल्डिंगच्या नावानं बोंब. "दादा, हे वेल्डिंग आहे की कावळे शिटून गेलेत?" असं फिटर विचारायचा, आणि दादा म्हणायचा, "धरतंय ना? मग झालं." प्लेट बसवायची तर ती ब्रॅकेटं कापावी लागणार होती. दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्याच्या हातचं एवढंच काय ते उरलं होतं.

काय दिवस होते ते! जोर लावल्यावर इंजिन किती वर उसळतं ते बघायला दादा त्याला स्वयंपाकघरात पिटाळायचा, "वहिनीकडून कणकेचा गोळा आण." गोळा इंजिनाच्या डोक्यावर ठेवायचा, बॉनेट लावायचं, ब्रेक दाबून गाडी रेटायची आणि मग गोळा किती चपटा झाला ते पट्टीनं मोजायचं. "रात्री जेवायला कमी पडलं तर इंजिनाकडे मागा," वहिनी आतून म्हणायची, पण कणीक द्यायची.

त्याच दिवसांत एकदा फिटरनं शहाणपणा केला होता. वय बावीस, घट्ट ते सगळं चांगलं अशी समजूत. दादा गावाला गेला असताना त्यानं पुढची रबरं काढली, गिअरबॉक्सखालचंही काढलं आणि सगळीकडे लोखंडाचे ठोकळे भरले. शर्यतीला गाडी सुटली, चासी पिळली, पिळाला जागाच नव्हती, आणि गिअरबॉक्सचं कवच आडवं फुटलं. दादानं फडकं घेतलं. खाली वाकून तेल पुसत राहिला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून घट्ट बसवलेलं इंजिन म्हटलं की फिटर चार हात लांब राहायचा.

दुपारी वहिनी डबा घेऊन आली.

"आई, काका म्हणतात तुझ्या कंबरेसाठी रबरंच ठेवायची," पुतणीनं चुगली केली.

"माझ्या?" वहिनीला हसू आवरेना. "भावजी, त्या ट्रकमध्ये चढायला मला स्टूल लागतं. बस दारावरून जाते."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"गुरुवार उजाडला की तुम्ही फडकं घेऊन काचा पुसायला लागता. म्हटलं, हे गेल्यावर तेवढाच तुमच्या जिवाला विरंगुळा."

"अहो, मी तुमच्यासाठी पुसायचो."

"ते काय मला कळत नाही?"

ती ट्रकपाशी गेली आणि आत, दादाच्या ब्रॅकेटांकडे डोकावली. "हे कापावं लागेल?"

"हो," पुतणी म्हणाली.

"किती वेडंवाकडं केलंय बाई!" ती हसली आणि हसता हसताच तिनं डोळ्यांना पदर लावला. "कापा. पण तुम्ही कापा. परक्याचा हात नको."

फिटरनं हातातला पाना खाली ठेवला. मग पुतणीला म्हणाला, "पुढे प्लेट. आणि मागे काय ठेवणार?"

"गिअरबॉक्सखाली रबरच. चासी पिळली तर कुठंतरी जागा पाहिजे ना."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी. म्हणाले, तरुणपणी मी एकदा मागे-पुढे सगळीकडे लोखंड भरलं आणि गिअरबॉक्स फोडून घेतला. तू तसला गाढवपणा करू नकोस."

फिटरला आधी ऐकलेलं खरं वाटेना. दादानं लेकीपुढेसुद्धा ती चूक आपल्या अंगावर घेतली होती.

"त्यानं नाही," तो म्हणाला. "ते मी केलं होतं." आणि कुणी काही विचारायच्या आत त्यानं ग्राइंडर उचलला.

तासाभरात होईल असं वाटलेल्या कामाला दुपार गेली. कावळ्यांचं वेल्डिंग सुटता सुटेना. दोन चकत्या झिजल्या, तिसरी लावली. टोमणा मारायला दादा तिथं नव्हता, म्हणून फिटर एकटाच पुटपुटत राहिला, "धरलंय रे बाबा, धरलंय."

रविवारी पुतणी पहिली फेरी जिंकली, दुसरी हरली. इंजिन मात्र तसूभर हललं नाही. परतीच्या वाटेवर ट्रक एवढा थरथरत होता, की बाजूच्या आरशात नुसते रंग दिसत होते. त्यात बसून कुणी दवाखान्यात जाणार नव्हतं, हे आता कुणी बोलून दाखवायची गरज राहिली नाही.

गुरुवारी दीर-भावजय बसनं निघाले. वहिनी खिडकीशी बसली, फिटर तिची फाईल मांडीवर घेऊन शेजारी. पुढच्या थांब्यावर बस इंजिन चालू ठेवून उभी राहिली आणि खिडकीची काच खडखडायला लागली. वहिनीनं मान जराशी कलती करून ऐकलं.

"भावजी, हिच्या इंजिनाचं एक रबर गेलंय," ती म्हणाली. "डावीकडचं."

फिटरनं कान दिला. डावीकडचंच होतं. त्यानं मान हलवली आणि बस सुटेपर्यंत दोघंही ते ऐकत बसले.