काळी कुई

युलालियाने शालीची गाठ सोडून सुकवलेले बटाटे पास्कुआला आजीच्या पायाशी ओतले आणि आढ्याला टांगलेल्या वाळक्या हमिंगबर्डकडे बोट दाखवलं. पाखरू अंगठ्याएवढं उरलं होतं, गळ्यावरचा हिरवा रंग मात्र शाबूत होता.

"ते केंती हवंय मला, आजी. नवऱ्याला बांधून ठेवायला."

"देमेत्रियोला? तो कुठं उधळलाय?"

"थंडी पडल्यापासून कोठारात निजतो. वाडगासुद्धा वेगळा केलाय. वर आमची पाळलेली काळी कुई नाहीशी झाली. त्यानंच नेऊन खालच्या आळीतल्या त्या विधवेच्या चुलीवर भाजली असणार, दुसरं काय! मी तोंडावर म्हटलं त्याला, तू केंतीच्याच जातीचा. या फुलावरून त्या फुलावर."

"मग?"

"मुका बसला. चोराच्या मनात चांदणं!"

वैदूगिरीत जन्म गेलेली पास्कुआला आजी जागची हलली नाही. चुलीमागच्या आपल्या कुयांना, त्या गुबगुबीत गिनी पिगांना, तिने गवताची मूठ टाकली. सगळे तुटून पडले. एकच कोपऱ्यात पाठ करून बसून राहिला.

"केंतीला दुखलं-खुपलं तरी फूल सुटत नाही," आजी म्हणाली. "कुई तशी नाही. आजारी पडली की आपणहून बाजूला सरते. उभा जन्म कुयांत काढलास, पोरी, आणि घरातला माणूस कळला नाही?"

युलालियाची नजर कोपऱ्यातल्या त्या एकट्या कुईकडे गेली.

"तुझी काळी कुई तो इथंच घेऊन आला होता. त्याचा रोग तिच्यात उतरावा म्हणून त्याच्या अंगावरून फिरवून मी चिरली. तिची फुप्फुसं पार सडलेली, म्हणजे त्याचीही तशीच."

युलालियाला आपलेच शब्द आठवले. काय काय ऐकवलं होतं तिने त्याला! स्वतःची जीभ चुलीत घालावीशी तिला वाटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं शपथ घातली होती. शेजारी निजणाऱ्याला हे लागतं का, एवढंच विचारलं त्यानं. मी म्हटलं, लागतं. विधवेवरून तू संशय घेतेस, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणाला, घेऊ दे. चिडली म्हणजे ती जवळ येत नाही."

खरंच होतं ते. थंडीभर ती कोठाराच्या दारापर्यंतही गेली नव्हती.