सात दारांची झारी

माझ्या पोटावर अजून अर्धे सूर्यफूल आहे. मी आधी तेलाचा डबा होते, त्या डब्यावर छापलेले ते फूल. उरलेले अर्धे गंजाने खाल्ले. मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. जानेफळ गावात पाण्याच्या टाकीखाली एक लहानशी बाग आहे. तिथल्या प्रत्येक झाडाची मला ओळख आहे, कारण त्यांचा पहिला घोट माझ्या तोंडून पडलेला आहे.

मला पत्र्याचे काम करणाऱ्या रंगरावांनी घडवले. त्यांनी डबा कापला, नळी जोडली, मूठ बसवली आणि तोंडाच्या चकतीला खिळ्याने भोके पाडली. शेवटच्या भोकाच्या वेळी त्यांना शिंक आली, त्यामुळे ते भोक जरा मोठे झाले. तेव्हापासून माझे पाणी डाव्या बाजूला जास्त पडते. रंगराव म्हणाले, "दुसरी चकती लावून देतो." पंजाबराव म्हणाले, "राहू दे बे. मीच जरा उजवीकडून चालत जाईन."

हे पंजाबराव म्हणजे माझे मालक. ते ग्रामपंचायतीत नळाचे पाणी सोडण्याच्या कामावर होते. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब किल्ली घेऊन ते गावभर फिरत. कोणत्या गल्लीला कधी पाणी, हे त्यांना तोंडपाठ होते. आमच्याकडे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळ येतो. एका गल्लीची बारी चुकली तर काय भांडण होते, ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? नोकरी संपल्यावर त्यांनी किल्ली पंचायतीत जमा केली आणि हातात मला घेतले.

टाकीखाली तेव्हा उकिरडा होता. फुटक्या बादल्या, सडका कडबा, प्लास्टिकच्या पिशव्या असे सगळे तिथे येऊन पडे. पंजाबरावांनी दोन महिने तो उपसला. मग कडुनिंब लावले, सीताफळ लावले, शेवगा, कढीपत्ता आणि जास्वंद लावली. पण एकट्याच्या घरच्या पाण्यावर एवढी झाडे जगणार नव्हती. तेव्हा त्यांनी बागेसमोरची सात घरे निवडली आणि प्रत्येक घराला एक वार दिला. भाजी धुतलेले, कपडे खळबळलेले पाणी त्या घराने दिवसभर साठवायचे आणि संध्याकाळी झाडांना घालायचे. काम झाले की मला पुढच्या घराच्या कडीला टांगायचे. सकाळी दार उघडताच मी दिसले की त्या घराला कळे, आज आपला वार आहे.

सोमवार सत्यभामाबाईंचा. मंगळवार खुद्द पंजाबरावांचा. बुधवार रंगरावांचा, गुरुवार भाजी विकणाऱ्या सोजराबाईंचा. असे सात वार, सात दारे. नियम एकच होता. बारी मोडायची नाही आणि कोणाची बारी ओलांडायचीही नाही. कोणी गावाला गेले असेल तर त्याने आधी सांगून जायचे. "सांगतलं नाई अन् झाड वाळलं, तं झाड मले सांगते," असे पंजाबराव हसत म्हणत.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. शेवग्याच्या शेंगा अंगणवाडीच्या भाजीत जात. गावातल्या अर्ध्या फोडण्यांना आमचा कढीपत्ता असे. शाळेतली मुले कडुनिंबाखाली पाढे म्हणत. कोणी बाहेरगावचा माणूस आला की लोक त्याला बाग दाखवत आणि कडीला टांगलेल्या मलाही दाखवत. माझ्या मुठीला सात घरांच्या हातांचा गुळगुळीतपणा आला होता.

यंदाच्या चैत्रात एका सोमवारी पहाटे पंजाबराव गेले. मी त्या दिवशी सत्यभामाबाईंच्या कडीला होते. सगळी गल्ली पंजाबरावांच्या दारात जमली. त्यांची मुलगी जयमाला लोणारहून पहिल्या एसटीने आली. ती तिथे शाळेत शिकवते. ती रडताना मला दिसली नाही. ती आईजवळ बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत राहिली.

त्या संध्याकाळी सत्यभामाबाईंनी न चुकता झाडांना पाणी घातले. मग मला घेऊन त्या पंजाबरावांच्या दारापर्यंत गेल्या, क्षणभर थांबल्या आणि परत आल्या. त्यांनी मला चिंचेने घासले आणि ओसरीवरच्या खुंटीला अडकवले. मी तिथेच राहिले. एक दिवस, चार दिवस, तेरा दिवस. तेरवी झाली तरी मला कोणी खाली उतरवले नाही. खुंटीवरून मला जास्वंदीचा शेंडा दिसे. तो आधी मान टाकून बसला, मग पिवळा पडला, मग वाळला. कोरड्या झारीला काय वाटते ते कसे सांगू, मित्रांनो? मला हात नव्हते, पाय नव्हते. मला फक्त दिसत होते.

मलाच नव्हे, पंचायतीचे सदस्य महादेवराव यांनाही ते दिसले. माणूस वाईट नव्हता. बाजाराच्या दिवशी लोक उन्हात दुकाने मांडतात, म्हणून टाकीखाली पक्के गाळे बांधावेत असे त्यांच्या मनात होते. पंजाबराव असताना त्यांना हे बोलता येत नव्हते. आता त्यांनी वाळलेल्या बागेचे फोटो काढले आणि ग्रामसभेपुढे विषय ठेवला : टाकीखालची जागा पडीक आहे, तिथे गाळे बांधावेत.

सभा मेच्या पहिल्या तारखेला, शुक्रवारी होती. भर उन्हात कोण जाणार? पुरेसे लोक आले नाहीत, म्हणून ती तहकूब झाली. ओसरीवर मंडळी बोलताना मी ऐकले.

"सभा झालीच नाई ना? मंग विषय मेला."

"हाव ना. बाग वाचली म्हना."

सगळे निश्चिंत होऊन घरी गेले. एकट्या जयमालाने पंचायतीच्या फळ्यावरची नवी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तहकूब झालेली सभा पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला, शाळेच्या व्हरांड्यात भरणार होती. आणि तहकूब सभेला किमान माणसांची अट नसते. दहा जण आले तरी त्या दहा जणांचा ठराव साऱ्या गावाचा ठरतो.

शनिवारी सकाळी ती सत्यभामाबाईंच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. तिचा आवाज शांत होता, पण खाली आच होती.

"काकू, बाबांची झारी द्या. सात घरं होती. बाबा गेल्यावर एका घरानंही तांब्याभर पाणी घातलं नाही. राग नाही माझा. झारी तेवढी द्या."

सत्यभामाबाई जागच्या उठल्या. "अव माय, सोमवार माहा होता. मी त्याच दिवशी पानी घातलं. पुढची बारी तुमची होती ना, मंगळवारची. सुतकाच्या घरी कडीले झारी कशी टांगू? अन् तुमची बारी ओलांडून रंगरावच्या दारी देऊ, तं तुह्या बापाचा नियम मोडते."

"आणि तेरवी झाल्यावर?"

"वाटलं, तुमच्या घरचं कोनी येईन नेयाले. मी आपल्या मनानं टांगली असती तं लोकं म्हनले असते, बुढा गेला नाई तं बुढीले कामाले लावलं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "रोज घासून ठेवून राह्यली होती मी तिले."

जयमालाने मला खुंटीवरून काढले. माझ्या पोटात धूळ नव्हती, बुडाला नवा गंज नव्हता. तिने चकतीवरच्या त्या मोठ्या भोकावर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. गाव तिच्या वडिलांना विसरले नव्हते. गाव त्यांचा नियम पाळत बसले होते.

"काकू, आज वार कोणता?"

"शनिवार."

"मंग आज मंगळवार समजू," ती म्हणाली. महिनाभर ती सगळ्यांशी पुस्तकी मराठीत बोलत होती. त्या वेळी पहिल्यांदा तिच्या तोंडी घरची बोली आली.

त्या संध्याकाळी तिने स्वतः पाणी घातले. जास्वंद गेली होती. पण शेवग्याची साल नखाने खरवडून पाहिली तर आत हिरवे होते. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन रंगरावांकडे गेली.

"काका, बुधवार."

"आज तं इतवार आहे बापा!"

"तुमचा बुधवार आहे. आणि शुक्रवारी अकराला शाळेत या. सभा मेली नाही, जिवंत आहे. या वेळी दहा माणसांवरही ठराव होतो."

रंगरावांनी मला हातात फिरवून पाहिले. "बुडाले गळून राह्यली हे. थांब, डाग देतो." कथिलाचा डाग देऊन भोक बुजवता बुजवता ते म्हणाले, "चकती बदलू का? लय दिवसाचं राह्यलं ते माह्या हातून."

"नको. तेवढं राहू द्या."

अशी मी पुन्हा दारोदार फिरले. त्या आठवड्यात वारांचा पार गोंधळ झाला. सोजराबाईंनी सोमवारी गुरुवार केला आणि वरून तिलाच टोमणा मारला, "काऊन व जयमाले, शाळेत पोराईले वार असेच शिकवतं का?" पण पाणी सगळ्यांनी घातले. माझ्याबरोबर निरोपही सात दारी पोहोचला, आणि त्या दारांतून सगळ्या गल्ल्यांत. सातव्या दिवशी, शुक्रवारी, मी सत्यभामाबाईंच्या कडीला होते. त्यांनी बागेला सकाळीच पाणी घातले. जयमाला मला घेऊन तशीच सभेला निघाली.

ग्रामसेवकांनी विषय वाचला. व्हरांड्यात महादेवरावांची वीस-पंचवीस माणसे पुढे बसली होती, मागे गल्लोगल्लीचे लोक. जयमालाने मला टेबलावर ठेवले आणि बोलायला तोंड उघडले.

"थांबा ताई," महादेवराव नम्रपणे म्हणाले. "तुमचं नाव लोनारच्या मतदार यादीत आहे. ग्रामसभेत तुमाले बोलता येत नाई. नियम आहे, मी काई बनवला नाई."

जयमालाने ग्रामसेवकांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. नियम खरा होता. सात दिवस मनाशी जुळवलेले सगळे शब्द तिने गिळले आणि ती भिंतीकडे जाऊन उभी राहिली. मित्रांनो, मला वाटले, संपले सगळे. टेबलावर मी एकटी होते, आणि झारीला बोलता येत नाही.

"जागा पडीक आहे," महादेवराव म्हणाले. "फोटो पाहा. पंजाबराव होते तवा गोष्ट वेगळी. आता ते बाग कोनाची आहे, कोनी सांगावं."

मग सत्यभामाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "सोमवार माहा."

"म्हंजे?"

"म्हंजे सोमवारी ते बाग माही. विचारा गल्लीले."

त्यांच्यानंतर मंगळवार होता. रंगराव अर्धे उठले आणि थबकले. बारी ओलांडायची नव्हती. सगळ्यांच्या नजरा भिंतीशी उभ्या असलेल्या जयमालाकडे गेल्या. पण तिला बोलता येत नव्हते.

तेव्हा मागून, दाराजवळून आवाज आला. वच्छलाबाई, पंजाबरावांच्या पत्नी, तेथे उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. लेकीला न सांगता त्या मागोमाग आल्या होत्या.

"मंगळवार आमचा," त्या म्हणाल्या. "माहं नाव इथल्या यादीत आहे. ते गेले. मंगळवार काई गेला नाई."

"बुधवार," रंगराव म्हणाले.

"गुरुवार माहा. अन् महादेवराव, तुमच्या घरच्या वरनातला कढीपत्ता कोनच्या पडीक जागेतला आहे, ते घरी विचारून घेजा," सोजराबाई म्हणाल्या. व्हरांडा हसला. महादेवरावही ओशाळून हसले. मग शुक्रवार उठला, शनिवार उठला, रविवार उठला. प्रत्येक वारामागे एकेक गल्ली उभी राहिली. हात वर झाले तेव्हा ग्रामसेवकांना दोनदा मोजावे लागले. टाकीखालची जागा बाग म्हणूनच राहील, सात घरे ती सांभाळतील आणि गाळ्यांसाठी बाजाराच्या पलीकडची जागा पाहावी, असे वहीत लिहिले गेले.

शाळा सुरू होण्याआधी जयमाला लोणारला परत गेली. जाताना ती मला भेटायला आली नाही, कारण मी त्या दिवशी दुसऱ्याच्या दारी होते. तेच योग्य होते.

मित्रांनो, मला आता डागांवर डाग आहेत. मी किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या गावातही कोणीतरी एकटे माणूस एखादी बाग, एखादी विहीर, एखादे वाचनालय सांभाळत असेल. त्याच्याकडून आजच एक वार मागून घ्या. आणि ते माणूस गेले, तर मान राखायचा म्हणून त्याचे काम खुंटीला टांगून ठेवू नका. त्याच्या दारी जा आणि कडी वाजवा. आत कोणीतरी त्याच आवाजाची वाट पाहत असते.

आज मंगळवार आहे. सत्यभामाबाईंनी काल मला इथे टांगले. आत कडी निघाल्याचा आवाज येतो आहे. वच्छलाबाई दार उघडतील, मला उतरवतील आणि माझे पाणी डावीकडे सांडते म्हणून जरा उजवीकडून चालत बागेत जातील.