वाघोलीकरांची अमेरिकन नोट

पृथ्वीराजला निव्वळ तीन लाख एक्क्याण्णव हजार पाचशे सुटणार होते. खर्च काय, तर तुळजाबाईंना सात हजार आणि पूर्णिमाताईंची फी दीड हजार.

तुळजाबाई खडकीच्या. सासरे दारूगोळा कारखान्यात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कुणा अमेरिकन सोल्जरने दिलेली दहा डॉलरची जुनी नोट त्यांनी डब्यात जपलेली. पृथ्वीराज वाघोलीत प्लॉट विकतो. बाईंच्या मुलाला प्लॉट दाखवायला म्हणून तो घरी गेला, नोट पाहिली, फोटो काढला आणि जुन्या नोटा पारखणाऱ्या पूर्णिमाताईंना पाठवला. उत्तर आलं, "पूर्वी तिकडे गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाने नोटा काढत. ह्या बँकेच्या तीनच माहीत आहेत. आहे तशी आणा, चार लाख येतील."

पृथ्वीराजने लगेच तोंड पाडलं. "काकू, ही बंद झालेली हाय. आजच्या भावानं आठ-नऊशे. पण तुम्ही घरच्या, सात हजार घ्या."

काकूंनी नोट दिली, वर चहा पाजला.

आता 'आहे तशी' हे शब्द प्लॉटवाल्याला कसे कळावेत? तण काढून, मुरूम टाकून, चुन्याच्या रेघा मारल्याशिवाय त्याने गिऱ्हाइकाला कधी जमीन दाखवली नव्हती. नोटेवर खाली पेनाने दोन ठिकाणी काहीतरी गिरगटलेलं. लिहिलेली नोट आपल्याकडे वाणीसुद्धा नाक मुरडून घेतो. म्हणजे ते काढलं की पाच लाख! लिंबू, ब्लीच, कापसाचा बोळा, वर इस्त्री.

पूर्णिमाताईंनी भिंग लावलं, ठेवलं.

"सह्या कुठे गेल्या?"

"कसल्या सह्या? कुणीतरी पेनानं घाण केलती, ती काढली."

"बँकेच्या अध्यक्षाने आणि कॅशियरने हाताने केलेल्या सह्या होत्या त्या. अहो, सातबाऱ्यावरची नावंही आपण अशीच पुसून देता का?"

"मग आता किती?"

"धुतलेली म्हणून सांगून विकली तर सहा हजार. माझी फी आधी द्या."

वाघोलीभर तो सांगत फिरतो की आपल्याला चार लाखांचा फटका बसला. खोटं. सात हजार आणि दीड हजार गेले, सहा हजार आले. त्याच्या खिशातून गेले अडीच हजार. चार लाखांची नोट तुळजाबाईंची होती. बाकीचा भुर्दंड त्यांनी भरला, आणि त्यांना अजून पत्ताही नाही.