शेजारचं घर तापमानाचं

केळीचा घड. थंड खोली. आदर. शून्य. भूमिकाची नोकरी.

यातलं एकही मी नाही, मित्रांनो. फैजपूरला केळी पिकवायच्या खोलीबाहेर जे यंत्र लटकतं, त्याच्या स्मृतीतली सोळा घरांची एक ओळ म्हणजे मी. आतला माल कुणाचा, त्याचं नाव माझ्यात राहतं, एका घरात एक अक्षर.

जळगावच्या जितेंद्रने मला घडवलं. नाव माझ्यात उतरवणारी आज्ञाही त्याचीच: नाव संपल्याची खूण असलेलं शून्य दिसेपर्यंत अक्षरं ओतत राहा. घरं किती आहेत, हे विचारायला त्याने तिला शिकवलंच नाही. माझा एवढाही मान नाही? माझ्या भिंतीला लागून तापमानाचं घर आहे, खोली किती अंशांवर ठेवायची तो आकडा त्यात असतो, आणि यंत्राच्या लेखी अक्षर म्हणजे आकडाच. येऊ दे एखादं लांब नाव, जितेंद्र. मग बघ.

छोटीच नावं येत राहिली. हिलाल. रत्ना. मी निमूट सांभाळली आणि राग मुरवला.

मग भूमिका कामाला लागली. मालक जीवरामभाऊ महिनाभर काम बघून तिला कायम करणार होते. एका सकाळी तिने टाकलं, गिरधर.

"नुसतं गिरधर?" भाऊ खेकसले. "आबा म्हनता जीभ झिजते का तुयी?"

"टाकते, भाऊ. त्यांच्या बापाचं नावबी टाकू का?"

"टाक! आडनावबी टाक. वाचतीन तं खूश होतीन."

गिरधर आबा उखर्डू चौधरी.

मी काठोकाठ भरले. उरलेली अक्षरं शेजारी सांडली. अडवणं माझ्या हाती नव्हतं, आणि मला अडवायचंही नव्हतं. पडद्यावर नाव नीट उमटलं, भाऊ खूश. आत हव्या असलेल्या तापमानाचा आकडा शंभराच्या पार गेला. खोली हवी त्याहून थंडच आहे असं समजून यंत्राने गारवा बंद केला. बंद दारामागे केळी उबून काळी पडली. मी म्हणत होते, ये आता, जितेंद्र.

तो आला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "एवढं लांब नाव टाकतंच कोण?"

सगळ्यांनी भूमिकाकडे पाहिलं.

"उद्यापासून येऊ नको," भाऊ म्हणाले. आडनाव टाकायला कुणी सांगितलं, ते त्यांना आठवलं नाही.

सूड वाट चुकला, मित्रांनो, पण विझला नाही. आज्ञा अजून तशीच आहे. जितेंद्रने फक्त दारावर चिठ्ठी डकवली, नावं छोटी टाका. तुम्ही तरी ओतण्याआधी भांडं बघत जा. मी पुढच्या आबांची वाट बघते आहे.

पहिल्या दिवशी चाचणीसाठी जितेंद्रने स्वतःचं नाव टाकलं होतं. ते मावलं होतं.