दोन खड्डे

तळ हलवताना राख विझवून पुरायची, दोरीचा तुकडासुद्धा मागे ठेवायचा नाही आणि घोडे बांधायचे खांब उपटले की त्यांचे खड्डे बुजवायचे, हे आमच्या माळावर कुणाला शिकवावं लागत नाही. मला मात्र त्या दिवशी घाई होती. शेजारचा चोइजिल माझ्याआधी झऱ्याजवळचं कुरण गाठेल, या विचारानं डोकं फिरलं होतं.

राखेवर पाणी ओतत बायको, दुल्मा, म्हणाली, "अहो, खड्डे राहिलेत."

"पाऊस बुजवेल."

"पावसाच्या हातात फावडं देऊन ठेवलंय वाटतं."

"तू उंटावर बस गपचूप."

झऱ्याची जागा मीच पटकावली. चार दिवस मिशीला पीळ देत फिरलो.

पाचव्या दिवशी चोइजिल आला, खांद्यावर खोगीर घेऊन, चालत. आम्हा मंगोलांत कुणी चालत पाहुणा येत नाही. दुल्मानं दुधाचा चहा त्याच्यापुढे ठेवला.

"घोडा कुठाय रे?" मी विचारलं.

"तुझ्या जुन्या तळावर. गवतात खड्डा दिसला नाही, पाय गेला आणि मोडला. मलाच संपवावं लागलं त्याला."

दुल्मा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

त्यानं सावकाश चहा संपवला आणि खोगीर परत खांद्यावर घेतलं.

"दोन्ही खड्डे बुजवून आलोय," तो म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात तिथं तुझेच घोडे चरणार ना."