शाफ्टचे चार तुकडे

बागवाल्या काकूंचा ट्रॅक्टर आमच्या वर्कशॉपमध्ये यायच्या आधीच दादाने बजावून ठेवलं होतं, "हे काम आप्पांनी धड केलं तर ठीक. नाही तर मी कुलूप लावतो."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आप्पा आमचे वडील. त्याला ग्रीसचं वावडं आणि कुलपाची हौस. पण तसं त्याचं अगदीच चूक नव्हतं. गेल्या महिन्यात आप्पांनी एका ट्रॉलीच्या चाकाचे नट नुसते हाताने फिरवले आणि आवळायचे विसरले. चाक भर रस्त्यात निखळलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. डॉक्टरांनी आप्पांच्या विसरण्याला लांबलचक नाव दिलं होतं. ते आप्पांच्या लक्षात राहत नव्हतं आणि मला लक्षात ठेवायचं नव्हतं.

काम दिसायला साधं होतं. काकूंच्या झाडांखाली कमरेइतकं गवत माजलं होतं, म्हणून त्यांनी गवत कापायचं जुनं मशीन विकत घेतलं होतं. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरणारा दांडा असतो. त्याचं फिरणं मशीनच्या पात्यांपर्यंत नेतो तो शाफ्ट, म्हणजे एकात एक सरकणारे दोन पाइप. काकूंच्या मशीनचा शाफ्ट एका मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा होता. तो कापून बेताचा करायचा, एवढंच.

आप्पांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि त्यांचे डोळे चमकले. "नुसता शाफ्ट जोडून भागायचं नाही हो. या म्हाताऱ्याला फ्रीव्हील लागतं."

"ते काय असतं?" काकूंनी विचारलं.

"याचा क्लच दाबला तरी पाती गरगरतच राहतात. आणि ती उलटी ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. तुम्ही ब्रेकवर उभ्या राहिलात तरी हा जाऊन झाडावर आदळणार. मध्ये फ्रीव्हील बसवलं की पाती फिरू देत नाही तर नाचू देत, ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो."

मग चाळीस वर्षांपूर्वी असा एक ट्रॅक्टर कसा भिंत फोडून कुणाच्या न्हाणीघरात शिरला आणि आत कोण होतं, ते सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना सांगता येत नव्हतं, त्यांना त्या न्हाणीघराच्या दाराचा रंग आठवत होता. मला वाटलं, डॉक्टर गेले खड्ड्यात.

आप्पांनी माप घेतलं. मशीन वरखाली करून दोन्ही टोकं कुठे सगळ्यांत जवळ येतात ते पाहिलं, फ्रीव्हीलची लांबी हिशोबात धरली आणि प्रत्येक पाइप किती कापायचा तो आकडा टेबलावर खडूने लिहिला, अठरा सेंटिमीटर. मग दोन्ही पाइपांच्या कापून टाकायच्या भागावर तोच आकडा घातला. ही त्यांची जुनी खोड. फेकायच्या तुकड्यावर माप कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "उद्या चूक निघाली तर कुणाची ते कळायला नको?" ते म्हणाले होते. मी मार्करने खूण करते. खडूने मला शिंका येतात, म्हणून ते मला नाजूक नार म्हणायचे.

त्यांनी ग्राइंडरने दोन्ही पाइप कापले. वीतभर लांबीचे दोन तुकडे खणकन खाली पडले. कापलेल्या कडा इतक्या सरळ की मी बोट फिरवून पाहिलं. मग मी फ्रीव्हीलचा बोल्ट शोधायला मागच्या खोलीत गेले.

तिथे असताना ग्राइंडर पुन्हा ऐकू आला. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर कापत असतील, असं मी धरून चालले. लोखंडाचा आवाज आणि प्लास्टिकचा आवाज मला वेगळा कळत नाही असं नाही. पण ऐकायचं नसलं की कानही आपल्याला साथ देतात.

बाहेर आले तर आप्पा शाफ्ट ट्रॅक्टरला लावून बघत होते. एका पाइपात दुसरा जेमतेम चार बोटं शिरत होता. असा शाफ्ट पहिल्याच खड्ड्यात निसटतो आणि गरगरत जवळच्या माणसाचा पाय मोडतो.

"हा एवढा कुणी कापला?" आप्पा म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

त्याच वेळी दादा काकूंबरोबर दारात उभा होता.

"मी कापला," मी म्हटलं. "तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा. माझी चूक झाली."

मग आप्पा असे कडाडले की विचारू नका. "वीस वर्षं शिकवतोय! पालथ्या घड्यावर पाणी! एकदा कापलेलं लोखंड परत वाढतं का, नाजूक नार?" मी मान खाली घालून ऐकत राहिले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी ते पूर्वीसारखे चिडले होते.

दादा मात्र गंभीर झाला. "आप्पा, मला वाटत होतं, तुमच्यामागे ही सांभाळेल. पण हिला साधं माप कळत नसेल तर हे चालवायचं कुणाच्या जिवावर?"

हे मी धरलंच नव्हतं. आप्पांना वाचवायला गेले आणि स्वतःचाच हात कापून बसले.

आप्पांनी झाडू उचलला. काम बिघडो की साधो, झाडू तेच मारायचे. टेबलाखालून त्यांनी एक तुकडा काढला, दुसरा काढला, मग तिसरा, मग चौथा. मग चारही तुकडे त्यांनी टेबलावर ओळीने मांडले. चारही तुकड्यांवर खडूने लिहिलेलं अठरा होतं, त्यांच्याच वळणाचं.

"तू खडू कधी वापरायला लागलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खिशातला मार्कर मुठीत लपवला. खोटं बोलायला निदान तोंड तरी उघडावं लागतं.

ते उठले आणि दादाकडे वळले. "दोन्ही वेळा मीच कापला रे. हिच्या हाताला नाव ठेवू नकोस. असा हात माझा पण नव्हता." मग गळ्यातला, कापताना लावायचा चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या आणि माझ्या हातात ठेवला. खिशातली वर्कशॉपची किल्लीही दिली, दादाला नाही, मला. "कापायचं आता तू. मी धरीन."

दादा बाहेर जाऊन काकूंच्या ट्रॅक्टरला टेकून रडला. मी त्याला इतकी वर्षं दगड समजत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाइपांची नवी जोडी आणली. मी मार्करने खूण केली, चष्मा लावला. आप्पांनी पाइपाचं दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ग्राइंडर सुरू करणार, एवढ्यात ते म्हणाले, "थांब. हा आधी एकदा कापून झालाय का गं?"

"नाही आप्पा. पहिल्यांदाच कापतोय."

"बरं," ते म्हणाले. "नक्की ना?"

पाइप कापून होईपर्यंत त्यांनी आणखी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी ग्राइंडर बंद केला आणि त्यांना सांगितलं.