डिकीतला हात

ठोक्याने जन्मात कधी एकट्याने काम केलं असेल तर शपथ. गॅरेजात मागचं मडगार्ड चेपलेली गाडी आली की त्याचा दादा डिकीत आडवा पडून आतून पत्र्याला डॉली लावायचा आणि ठोक्या बाहेरून हातोडी मारायचा. डॉली म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा. पत्र्याखाली ती असली की घाव खणखणीत वाजतो, नसली की भद्द होतो. दोघांत बोलणं नसे. दादाने आतून एकदा टकटक केली की पुढे सरकायचं; दोनदा केली की पुरे, पत्रा थकला.

एक जुनी काळी गाडी अर्धवट सोडून दादा गेला. वहिनींनी त्याची डॉली तेवढी मागून घेतली. बाकी काही नको म्हणाल्या.

बरेच दिवस ठोक्या त्या गाडीकडे फिरकला नाही. मग गाडीच्या मालकाचा निरोपावर निरोप यायला लागला, तेव्हा नाइलाजाने हातोडी उचलून त्याने अंदाजासाठी एक घाव घातला. घाव खणखणीत वाजला.

डॉली तर वहिनींकडे होती. डिकी उघडीच होती, मागे जाऊन वाकलं की दिसणार. पण तो गेला नाही. आत कुणी असेल याची भीती होतीच. कुणी नसेल याची त्याहून मोठी होती. त्याने दुसरा घाव घातला. तोही वाजला. आतून एकदा टकटक झाली आणि ठोक्या पुढे सरकला.

दुपार कशी गेली ते त्याला कळलं नाही. संध्याकाळी फडकं ठेवून वरून तळवा फिरवला, तर मडगार्ड जवळपास सपाट. कुणीही खूश झालं असतं. ठोक्याला मात्र ते नको होतं, कारण काम संपलं की दादाही संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लाकडी मोगरीने त्याच जागी आपल्या हाताने पोचा घातला. खपली धरली की काढणाऱ्या पोराची अक्कल, दुसरं काय! मग ते रोजचंच झालं. सकाळी पोचा घालायचा, दुपारी दादाबरोबर काढायचा. मेलेल्या माणसालाही सुट्टी न देणारा असा भाऊ शोधून सापडणार नाही.

पत्रा ताणून ढिला पडला. अंगठ्याने दाबला की टक्कन आत जायचा आणि आपोआप बाहेर यायचा. आतून आता रोज दोनदा टकटक व्हायची. ठोक्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

एक दिवस भर दुपारी वहिनी आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"भावोजी, हल्ली दुपारी ठोकाठोकी चालते का तुमची?"

"चालते की. का?"

"हे कुलपात असतं माझ्या कपाटात. रोज दुपारी तापतं. काल हात भाजला माझा."

त्यांनी फडकं सोडलं. दादाची डॉली. वर ताज्या घावांच्या लखलखीत खुणा.

"कुणाला राबवताय तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

ठोक्याला रडू फुटलं. "मला एकट्याला जमत नाही हो वहिनी. एवढं झालं की दादा कायमचा जाईल."

डिकीतून टकटक झाली. पुन्हा एकदा झाली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"दोनदा म्हणजे पुरे, ना?" त्या म्हणाल्या. "घरीसुद्धा वाढणं पुरे झालं की ते ताटावर असंच वाजवायचे. ऐका त्यांचं."

सकाळी घातलेला पोचा तेवढा उरला होता. ठोक्याने डॉली डाव्या हातात घेतली. अजून कोमट होती. डिकीकडे न बघता त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपडत ती पत्र्याला लावली आणि उजव्या हाताने बाहेरून बेतानेच हातोडी मारली. घाव खणखणीत वाजला. डाव्या हातात कोपरापर्यंत अशी कळ गेली की डॉली सुटता सुटता राहिली.

दादाशिवाय तिथं आजवर कुणाचाच हात नव्हता. ठोक्या वहिनींकडे बघतच राहिला.

"इतकं लागतं हे?"

"रोज त्यांचा हात शेकून द्यायचे मी," वहिनी म्हणाल्या. "'ठोक्याला सांगू नकोस,' म्हणायचे ते. 'तो जोर कमी करेल आणि काम बिघडेल.'"

उरलेले घाव ठोक्याने हळूहळू मारले. पोचा निघाल्यावर त्याने आतूनच डॉलीने दोनदा टकटक केली आणि कान देऊन उभा राहिला. आतून काही उत्तर आलं नाही. मग त्याने हात बाहेर काढला आणि डिकी लावली.